काळोख्यांच्या पत्रिकेतली नावं

नगर जिल्ह्यातला माणूस आमटीत मीठ कमी पडलं तर चालवून घेईल, सतरंजी मिळाली नाही तर मातीत मांडी घालून जेवेल. पण लग्नपत्रिकेत त्याचं नाव नसेल, तर प्रत्यक्ष देव नवरदेव होऊन घोड्यावर बसला तरी तो त्या मांडवाकडे फिरकायचा नाही. त्यामुळे आमच्याकडच्या पत्रिका या पत्रिका कमी आणि मतदारयाद्या जास्त. वर गणपती, त्याखाली कै. लावलेल्यांचे आशीर्वाद, मग ‘आपले नम्र’, मग ‘व्यवस्थापक’, मग ‘स्वागतोत्सुक’ आणि तळाशी शेंबड्या पोरांची रांग, ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!’ मधे कुठेतरी नवरा-नवरीचीही नावं असतात. नीट शोधली तर सापडतात.

सुप्याजवळच्या एका गावात सहादेव काळोखे राहायचे. त्यांनी थोरल्या माधुरीच्या लग्नात पत्रिकेचा मजकूर स्वतः प्रेसमध्ये बसून लिहून दिला होता, आणि तिथंच माशी शिंकली. नावं लिहिता लिहिता कागद भरला. प्रेसवाला म्हणाला, “पाव्हणं, एखादं नाव गाळा, न्हायतर बारीक टाईप लावतो.” बारीक टाईप म्हणजे भावकीचा अपमान. सहादेवांनी बोट फिरवलं ते आसाराम नानाच्या नावावर थांबवलं आणि बोलून गेले, “हे काढा. त्या पातीला तसंबी पुढं कोन न्हाई.”

आता पाती म्हणजे काय ते सांगतो. काळोख्यांचे मूळ पुरुष तीन भाऊ, रखमाजी, धोंडिबा आणि खंडू. तिघांच्या वंशाच्या तीन पात्या. सहादेव रखमाजीच्या पातीतले. आसाराम नाना धोंडिबाच्या पातीतला, नात्यानं सहादेवांचा चुलतभाऊ आणि वयानं मोठा. त्या पातीत आता तो एकटाच उरला होता, आणि त्याला मुलगा नव्हता. एक मुलगी होती, पुष्पावती. पण त्या काळी ‘पुढं कोण’ या प्रश्नात मुलगी मोजत नसत.

प्रेसमध्ये बोललेलं वाक्य गावात पोचायला एसटी लागत नाही. पत्रिका छापून यायच्या आधीच ते नानाच्या ओसरीवर जाऊन बसलं होतं. नाना भांडला नाही, ओरडला नाही. त्यानं फक्त सहादेवांच्या घरी येणं बंद केलं. माधुरीचं लग्न झालं, तिला दोन पोरं झाली, तरी नाना काही त्या उंबऱ्यात आला नाही. दोन घरांमध्ये एक बोळ तेवढी होती, पण ती ओलांडायला दोन्हीकडून कुणाचा पाय उचलेना.

याचं सगळ्यात जास्त दुःख कुणाला असेल तर ते सहादेवांच्या धाकट्या वृषालीला. नानानं तिला आणि पुष्पाला एकाच विहिरीत, पाठीला पांगाऱ्याचे वाळके ओंडके बांधून पोहायला शिकवलं होतं. पुष्पा पाण्यात सोडली की नाना वृषालीला म्हणायचा, “आता तू. भ्यायचं न्हाई. म्या हाय न्हवं हितं?” त्या भरवशावर पोरीनं पुढे कितीतरी उड्या मारल्या. बी.एस्सी. केलं, नगरच्या सावेडीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागली, आणि तिथं इंटरनेट आल्यावर पीएचपी नावाची नवी भाषा छापील कागदांवरून वाचून वाचून शिकली. वाटेत नाना भेटला तर “बरी हायेस का?” एवढंच विचारायचा आणि पुढे जायचा. वृषालीला दर वेळी वाटायचं, याची बंडी धरून याला घरी ओढत न्यावं.

१९९९ साली तुळशीचं लग्न लागलं आणि पाठोपाठ वृषालीचंही ठरलं. मुलगा गोरक्ष, सुप्याच्या एका कारखान्यात कामाला, बोलायला लाजरा आणि हसायला मोकळा. वृषालीला तो आवडला होता. पण घरात पत्रिकेचा विषय निघाला आणि तिला नानाच आठवला. नाना नसेल तर लग्नात आपल्याला काही गोड लागणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तिनं ते आईला सांगूनही टाकलं.

आई, म्हणजे विमलबाई, लगेच नवऱ्याकडे वळल्या. “अवो, ऐकलं का? ह्या बारीला आसाराम भावजींचं नाव पहिल्यांदा टाका.”

“टाकनारच हाय की!” सहादेव उसळून म्हणाले. त्यांना ते वाक्य आठवलं की कान लाल व्हायचे आणि मग आवाज चढायचा. “ह्या बारीला काळोख्यांचं एकबी नाव सुटता कामा न्हाई. पर माझ्या ध्यानात ऱ्हातंय का समदं? तीन पात्या, त्यात घरं, घरांत वायली झालेली भावंडं, त्यांची पोरं. लिवता लिवता कोन ना कोन निसटतंच.”

“आप्पा, मी कॉम्प्युटरवर करते,” वृषाली म्हणाली. “तो विसरत नाही आणि त्याचा कागदही भरत नाही.”

सहादेवांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही तिनं बैलाला इंग्रजी शिकवायचं ठरवलं होतं. पण नकार दिला नाही.

नवी विद्या शिकलेल्या माणसाला ती कुठेतरी वापरून बघायची खाज असतेच. साध्या कागदावर झालं असतं ते काम वृषालीनं पीएचपीत करायला घेतलं. ती विमलबाईंना आणि चांगुणा आत्याला ओट्यावर बसवून विचारायची आणि टिपून घ्यायची. चांगुणा आत्या म्हणजे सहादेवांची थोरली बहीण; नवरा गेल्यापासून ती माहेरीच राहायची. कुणाला कोण झालं, कुणाला कुठं दिलं, हे सगळं तिच्या जिभेवर होतं. नावं गोळा झाली की वृषाली दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये ती मशीनमध्ये भरायची.

भरायची रीत अशी. एक मोठा डबा, त्यात तीन डबे, तीन भावांचे. प्रत्येक डब्यात त्यांच्या मुलांचे डबे, त्यांच्यात नातवंडांचे. कुठला डबा दोन थरांत संपायचा, कुठला पाच. आणि आता या डब्यांच्या रानात एक फंक्शन, म्हणजे सांगितलेलं एकच काम करणारा प्रोग्रामचा तुकडा, सोडायचं. त्यानं प्रत्येक डबा उघडायचा, आत आणखी डबा दिसला तर स्वतःलाच पुन्हा हाक मारून त्यातही शिरायचं. दारात गेल्यावर काय करायचं, हे मात्र त्याला ठाऊक नसतं. ते दुसऱ्या एका लहान फंक्शनमध्ये लिहायचं आणि फिरणाऱ्याच्या हाती द्यायचं. त्याला कॉलबॅक म्हणतात. घरोघर फिरणाऱ्या माणसाला आपण “दारात गेलास की अमुक विचार” असा निरोप देतो, तसंच ते. वृषालीचा निरोप साधा होता: माणूस बाप्या असेल तर त्याचं नाव सोबतच्या दुरडीत टाक. दुरडी हा शब्द तिचाच. प्रोग्राममध्येही तिनं इंग्रजी अक्षरांत ‘दुरडी’च लिहिलं होतं.

शनिवारी प्रोग्राम चालला. पडद्यावर कुठलीही चूक आली नाही. वीज जायची वेळ झाली होती आणि शेवटची एसटी त्याहून आधी जाते, म्हणून वृषालीनं निघालेली फाईल उघडूनसुद्धा न बघता फ्लॉपीवर घेतली आणि वाटेतल्या प्रेसमध्ये दिली. प्रेसवाल्यानं नुकताच कॉम्प्युटर घेतला होता आणि त्याला फ्लॉपीवरचं काम हवंच होतं.

रविवारी साखरपुडा. सकाळीच प्रेसवाल्याचा माणूस नमुना देऊन गेला. सहादेवांनी चष्मा लावला, गणपतीला हात जोडले, खाली वाचत आले आणि ओट्यावर मटकन बसले.

“वृषे! अगं ए वृषे!”

ती केस विंचरत बाहेर आली.

“वाच. ‘आपले नम्र.’ पुढं वाच.”

वृषालीनं वाचलं. आपले नम्र : कै. रखमाजी काळोखे, कै. धोंडिबा काळोखे, कै. खंडू काळोखे. बस. एवढंच. पुढे कुणी नाही.

“तिघंबी माझ्या बापाचं लगीन लागायच्या आधीच मेलं,” सहादेव म्हणाले. “पाव्हण्यास्नी ‘या, बसा’ कोन म्हननार? ह्ये? तुज्या मशिनीनं जितीजागती भावकी गिळली आन मसनातली तेवढी ठिवली!”

विमलबाईंनी तोंडाला पदर लावला. आधी वाटलं त्या रडताहेत. पण त्या हसत होत्या. चांगुणा आत्या तर खांबाला धरून हसली. “पत्रिका घेऊन पाव्हणं वर गेलं म्हंजी मिळवली!” वृषालीला हसू येईना. एवढी नावं भरली, एवढे डबे उघडले, आणि उरलं काय, तर सगळ्यात वरचं. नाना कुठेच नव्हता. त्याचं नाव दुसऱ्यांदा गळालं होतं, आणि या वेळी तिच्या हातून.

“उद्या दुपारपर्यंत दुरुस्त करून दे, न्हायतर म्या आपला पेन घेऊन प्रेसात जातो,” सहादेवांनी निर्वाणीचं सांगितलं. सहादेवांचा पेन आणि प्रेस एकत्र आले की काय होतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

साखरपुड्याच्या दिवशी त्या गावात एक पद्धत आहे. आदल्या दिवशी भावकीत घरोघर पीठ वाटायचं. सकाळी प्रत्येक चुलीवर भाकरी भाजायच्या आणि मग लग्नघरची एक दुरडी सगळीकडून फिरवून त्या गोळा करायच्या. दुरडीच्या तळाशी देवापुढची पहिली भाकरी असते, हळद-कुंकू लावलेली. तिच्यावरच बाकीच्या साऱ्या भाकरी पडायला हव्यात. दुरडी मधे कुठं बदलायची नाही, जमिनीला टेकवायची नाही. आत्यानं दुरडी डोक्यावर घेतली आणि तोंड पाडून बसलेल्या वृषालीला म्हणाली, “चल माज्यासंगं. मशिनीचं बघू मंग.”

बोळीच्या तोंडाशी आसाराम नानाचं घर लागलं. दार उघडं होतं, चुलीचा धूर येत होता. आत्या न थांबता पुढे गेली. दुरडीनं त्या दारी थांबायचं नाही, हा आता रिवाज होऊन बसला होता. वृषालीनं मान खाली घातली.

खंडूच्या पातीतल्या एका घरात नवीन सून आली होती. फार उत्साही पोर. आत्यानं डोक्यावरची दुरडी तिच्या हातात दिली. सुनेनं ती निरखून पाहिली, आत गेली, तश्शीच एक दुरडी शोधून काढली, तिच्याही तळाशी हळद-कुंकू लावलेली भाकरी ठेवली, स्वतःच्या गरम गरम भाकरी तिच्यात रचल्या, ती आपल्या चुलीपाशी ठेवली आणि बाहेर येऊन आत्याची दुरडी होती तशी परत दिली.

“झालं, आत्याबाई,” ती म्हणाली.

आत्यानं दुरडीत डोकावून पाहिलं. “काय झालं? हितं तर काय वाढलं न्हाई.”

“घातल्या की. अगदी तुमच्यासारख्याच दुरडीत.”

“अगं माजे बाई! तुज्या घरच्या दुरडीत घातल्याव माज्या दुरडीत कशा येत्याल? हीच दुरडी पुढं जायाची! हिच्यात घाल!”

वृषाली जागच्या जागी उभी राहिली. मग तिनं टाळी वाजवली. मग ती इतक्या मोठ्यानं हसली की त्या घरचं कुत्रं भुंकायला लागलं. तिच्या फंक्शननं दर दाराशी नेमकं हेच केलं होतं! पहिल्या दारात त्यानं तीन नावं खऱ्या दुरडीत टाकली. पुढच्या डब्यात शिरताना मात्र दुरडी न देता तिची नक्कल दिली. आतल्यांनी नकलेत नावं टाकली, त्यांनी आपल्या पोरांना नकलेची नक्कल दिली, आणि फिरणं संपलं तशा साऱ्या नकला जागच्या जागी विरून गेल्या. हातात उरली ती तीन कैलासवासी घेतलेली पहिली दुरडी. मशीन निर्दोष होतं. मशीनला कुणी सांगितलंच नव्हतं की दुरडी हीच, दुसरी नव्हे.

“आत्या, मी उद्या तुला लुगडं घेते,” वृषाली म्हणाली. आत्याला कारण कळलं नाही, पण लुगड्याला ती नाही म्हणाली नाही.

साखरपुडा थाटात झाला. गोरक्षला पेढा भरवताना वृषाली मधेच स्वतःशी हसत होती आणि त्याला वाटलं ते आपल्यामुळेच. तो दिवसभर खुशीत होता.

सोमवारी तिनं प्रोग्रामात एकच खूण घातली. दुकानांच्या पाट्यांवर ‘अमुक & सन्स’ लिहितात, त्यातलं मधलं चिन्ह. फंक्शनच्या कंसात दुरडीच्या आधी ते लावलं, की नक्कल न जाता खरी दुरडीच हातोहात पुढे जाते. याला रेफरन्स म्हणतात. चालवलं, आणि पडदा भरून नावं वाहू लागली. सगळ्या पात्यांतली, सगळ्या थरांतली, पाळण्यातल्या पोरापर्यंत. कै. असलेल्यांसाठी तिनं दुसरा कॉलबॅक लिहिला आणि त्यांना वर आशीर्वादात नेऊन बसवलं. आसाराम काळोखे हे नावही आलं. तिनं पडद्यावरच्या त्या नावाला हात लावला. काम झालं होतं.

पण आपली वृषाली एकदा पोळलेली. या वेळी ती डबे एक एक करून स्वतः तपासायला बसली. नानाचा डबा उघडला. आत पुष्पावती होती, कारण आत्यानं सांगितलेलं सगळं तिनं इमानदारीनं भरलं होतं. फिरणारं फंक्शन या डब्यात आलं होतं, त्यानं पुष्पाला पाहिलं होतं आणि रिकाम्या हातानं परत फिरलं होतं. का? तर निरोपच तसा होता, बाप्या असेल तरच नाव घ्यायचं. आणि तो निरोप सहादेवांनी दिला नव्हता, प्रेसवाल्यानं दिला नव्हता. वृषालीनं स्वतःच्या बोटांनी, काही विचार न करता, लिहिला होता. ‘त्या पातीला पुढं कोण नाही’ हेच वाक्य तिनं पीएचपीत लिहून ठेवलं होतं.

मग तिनं आपल्या घरचा डबा उघडला. माधुरी आत होती, ती स्वतः आत होती, आणि दुरडीत दोघीही नव्हत्या. घरोघरच्या डब्यांत अशा कितीतरी लेकी बसल्या होत्या. तिनं कपाळावर हात मारला. फिरणं बदलायची काही गरज नव्हती. दारात काय विचारायचं, तेवढंच बदलायचं होतं. तिनं बाप्याची अट खोडून टाकली आणि प्रोग्राम पुन्हा चालवला.

घरी सहादेवांनी छापील कागद हातात घेतले आणि वाचता वाचता त्यांच्या भुवया वर सरकत गेल्या. “हे काय? चांगुणा? माधुरी? पुष्पावती? लेकींची नावं त्यांच्या सासरच्या पत्रिकेत असत्यात, आपल्यात न्हाई. लोक हसत्याल.”

“सासरच्या पत्रिकेत?” हे वृषाली बोलली नाही, चांगुणा आत्या बोलली. ती निवडणाचं सूप बाजूला ठेवून उठली. “सहादेवा, म्या सासरी नांदले, तवा तिथल्या पत्रिकेत तुज्या दाजींचं नाव छापायचे. माजं न्हाई. हितं काळोख्यांच्या पत्रिकेत तुजं नाव छापत्यात. माजं न्हाई. मंग म्या हाय कुठल्या घरची? सांग की.”

सहादेवांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. विमलबाई एकाएकी फार मन लावून चुलीत फुंकर घालायला लागल्या होत्या. नवऱ्याच्या मदतीला कुणी येणार नव्हतं.

“आप्पा,” वृषाली हळूच म्हणाली, “पुढच्या साली या भावकीत लग्न निघालं तर माझंही नाव नसेल. चालेल तुम्हाला?”

सहादेव खाकरले, चष्मा पुसला, आणि पुन्हा कागदात डोकं घातलं. बराच वेळ त्यांचं बोट एकाच ओळीवर होतं. ती ओळ कोणती, हे वृषालीला बसल्या जागेवरून दिसत होतं. आसाराम, आणि त्याला लागून पुष्पावती. सहादेवांचे कान लाल झाले, पण या वेळी आवाज चढला नाही. “छाप,” ते म्हणाले. “कागद लागला तर दोन घड्या घालू. पर टाईप बारीक करायचा न्हाई.”

पत्रिका अशी झाली की पाकिटात मावेना. पहिली ग्रामदेवतेपुढे ठेवली. दुसरी घेऊन सहादेव स्वतः बोळ ओलांडून गेले. सगळं घर दाराआड उभं राहून वाट बघत होतं. ते परत आले ते पायांकडे बघत.

“काय म्हणाले नाना?” वृषालीनं विचारलं.

“घेतली. बंडीच्या खिशात घातली. ‘ठीक हाय’ म्हनला. उघडलीसुदीक न्हाई.”

वृषालीचा चेहरा उतरला. त्यानंतर तर आणखीच वाईट बातमी आली. नाना घराला कुलूप घालून बायकोला घेऊन कुठंतरी निघून गेला, कुणालाच काही न सांगता. लग्नाच्या गडबडीतून मुद्दाम लांब गेला, असं सगळ्यांनी धरलं. वृषालीनं मेंदीच्या हातांनी दोन-तीनदा बोळीकडे पाहिलं. कुलूप तसंच होतं.

हळदीच्या दिवशी सकाळपासून मात्र भलताच प्रकार सुरू झाला. लेकी यायला लागल्या. राजूरची आली, श्रीगोंद्याची आली, पार जिल्ह्याबाहेर दिलेली, माहेर विसरलेली एक म्हातारी नातवाच्या टेम्पोत बसून आली. प्रत्येकीच्या हातात पत्रिका, आणि प्रत्येकीचं एकच, “माजं नाव छापलंय! आमच्या मालकांनी सोता वाचून दावलं!” नाव छापलं म्हणजे यायलाच हवं, आणि नुसतं नाव छापून आलेली बाई एकटी कशी येणार? सोबत नवरा, पोरं, जावा, एक-दोन शेजारणी. अंगण भरलं, ओटा भरला, गोठ्यातली जनावरं बाहेर बांधावी लागली. हसण्याचा, रडण्याचा आणि मिठ्या मारण्याचा असा कालवा उठला की हळद दळणाऱ्या बायका गाणं कोणतं धरलं होतं तेच विसरल्या. सहादेव आचाऱ्याजवळ जाऊन म्हणाले, “आमटीत पानी वाढव.” थोड्या वेळानं पुन्हा गेले आणि म्हणाले, “आनखी वाढव.”

“पाणी वाढवतो,” आचारी म्हणाला, “पण भाकरी कुठून वाढवू?”

चांगुणा आत्यानं दुरडी उचलली. “चला गं. फिरलेली घरं पुन्यांदा फिरू.” वृषालीही उठली. नवरीनं हळदीच्या दिवशी घराबाहेर पडू नये असं कुणीतरी म्हणालं. पण एवढ्या गर्दीत नवरी कोण आणि पाहुणी कोण, हे कुणाला कळत होतं?

बोळीच्या तोंडाशी नानाचं दार आलं. आत्याचे पाय सवयीनं पुढे निघाले. दाराकडे न बघता ती चार पावलं पुढे गेलीसुद्धा.

“चांगुणे,” मागून आवाज आला. “दुरडी पुढं कुठं निघाली? ह्या दारात काय इस्तू पडलाय?”

दोघी गर्रकन वळल्या. कुलूप नव्हतं. दारात आसाराम नाना उभा होता, प्रवासाच्या धुळीनं भरलेला, डोक्याला नवाकोरा फेटा. तो कुठं रुसून गेला नव्हता. जुन्या रीतीप्रमाणे लेकीला माहेरी आणायला बापानं मुराळी म्हणून जावं लागतं, तसा तो पार जामखेडच्या पुढे पुष्पाला आणायला गेला होता. आणि पुष्पा चुलीपुढून पिठाच्या हातांनीच बाहेर येत होती, तिच्या मागे नानाची बायको आक्काबाई, परात भरून भाकरी घेऊन.

वृषाली धावली ती सरळ नानाच्या गळ्यात. “मला वाटलं तुम्ही येणारच नाही!”

“येडी का खुळी तू? म्या हाय न्हवं हितं?” नाना म्हणाला, आणि त्याचा आवाज विहिरीतल्या त्या जुन्या दिवसांसारखाच निघाला.

गलका ऐकून सहादेव बोळ ओलांडून आले आणि नानापुढे येऊन थांबले. नानानं बंडीच्या खिशातून पत्रिका काढली. घड्या घालून घालून ती मऊ पडली होती. त्यानं ती उलगडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. बोट स्वतःच्या नावावर नव्हतं, त्याच्या शेजारच्या नावावर होतं.

“सहादेवा, तू म्हनला हुतास, ह्या पातीला पुढं कोन न्हाई.” नानाचे डोळे भरून आले होते आणि तो हसत होता. “आता हे बघ. तुज्याच पत्रिकेत छापलंय. पुढं हाय.”

सहादेवांनी खाली वाकून त्याचे पाय धरले. नानानं त्यांना दंडाला धरून उभं केलं आणि पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. इतक्या वर्षांचा हिशेब त्यात एकदमच चुकता झाला. तोवर पुष्पानं आत्याच्या डोक्यावरची दुरडी खाली घ्यायला हात पुढे केले होते.

“घरातली दुरडी आणू नकोस हं,” वृषाली डोळे पुशीत ओरडली. “ह्याच दुरडीत घाल!”

पुष्पाला त्यातलं काही कळलं नाही. तिनं मुकाट्यानं साऱ्या भाकरी त्याच दुरडीत रचल्या, आणि आत्या ती डोक्यावर घेऊन पुढच्या दाराकडे चालू लागली.